वाफवलेली माती

साहेब, दोष तुमचा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे प्रेमाबिमाचं सुरू झालं की तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणाल, छान आहे, पण यात आमचा काय संबंध? संबंध आहे. दुसऱ्याच कुठल्यातरी रोपवाटिकेत रोपं कुजली, ते तुमच्या कानावर आलं आणि तुम्ही हुकूम काढलात – सगळीकडची माती वाफवून घ्या, वर औषध ओता, बुरशी म्हणून शिल्लक ठेवू नका. त्याच दमात कुंपणामागच्या म्हाताऱ्या झाडांवरही तुमची नजर गेली. पोकळ आहेत, किडकी आहेत, जागा अडवतात. तोडायची. त्या मातीचा वास तुम्ही कधी घेतलेला नाही, साहेब. त्या झाडांखाली कधी उभे राहिलेले नाहीत. आणि तुमच्या हुकमाच्या धगीत दोन माणसं कशी होरपळली, त्यातली एक कशी जळून जळून कोळसा झाली, तेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ते आता ऐका.

जळणारी ती म्हणजे रोपवाटिकेची मुख्य. तिथल्या बायका तिला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायच्या, आणि तिची सख्खी मावशी, जी तिथेच पिशव्यांत माती भरायला बसायची, ती तोंडावर म्हणायची. नाव शोभायचं. उन्हाने रापलेली, बाह्या कोपराच्या वर, हातात कायम पाण्याचा पाईप आणि जिभेला धार. पण त्या वर्षी फौजदाराचा तोरा उतरला होता. वाफवलेल्या मातीतली रोपं बोटभर वाढून थांबली होती. पानं जांभळट. पाणी द्या, खत द्या, सावली द्या… रोपं आपली रुसल्यासारखी मान खाली घालून उभी. वरून विचारणा व्हायची आणि ती मूग गिळून गप्प बसायची.

अशाच एका दुपारी, आभाळ भरून आलेलं आणि पाऊस पडायचं नाव घेत नव्हता, तेव्हा तिला मागच्या कुंपणाशी एक माणूस दिसला. म्हाताऱ्या झाडांखाली गुडघ्यांवर बसून तो माती उकरत होता, डब्यात भरत होता. मातीची चोरी! तिने फार विचार केला नाही. पाईप वळवला आणि नळ पूर्ण सोडला.

तो दचकला, भिजला, पण जागचा उठला नाही. डब्यावर तेवढं झाकण दाबलं.

“डोक्यावर चालेल,” तो म्हणाला, “डब्यात पाणी नको.”

“चोर वर अटी घालतोय.”

“परवानगी आहे माझ्याकडे. मुळांचा अभ्यास करतो मी. दाखवली असती… पण ती खिशात होती.” त्याने खिशातून कागदाचा ओला लगदा काढला आणि तिच्यापुढे धरला.

पाईप बंद करायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. त्याच्या केसांवरून, भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. तेही तिच्याकडे बघून नाही, डब्यातल्या मातीकडे बघून. म्हणजे बघा, पहिल्याच भेटीत तिला हेवा वाटला तो मातीचा.

बायकांनी त्याचं नाव ‘मुळ्या’ ठेवलं. तो रोज यायचा. कुंपणामागे तासन्‌तास पालथा पडलेला असायचा, आणि मग चहाच्या वेळेला कपडे झटकत इकडे. जांभळी रोपं त्याने बघितली आणि एक उपटून मुळं तिच्या तळहातावर ठेवली.

“ही एकटी पडलीत,” तो म्हणाला.

“हजारोंनी आहेत. एकटी कशी?”

“एकमेकांत आहेत, पण मातीत एकटी आहेत. मुळाला स्वतःला फार लांब जाता येत नाही. बुरशीचे धागे जातात – केसाहून बारीक. ते लांबून पाणी आणतात, खनिजं आणतात आणि मुळाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. तुम्ही माती वाफवता, की ते धागे मरतात.”

“म्हणजे बुरशी घरजावई झाली झाडाची.”

“घरजावई कशाला? संसार म्हणा.”

संसार हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती तळहातावरची मुळं उगाच निरखत राहिली.

“आणि एक बुरशी एकाच झाडाशी?”

“छे. जवळ असतील तेवढ्या झाडांशी. झाडाचंही तसंच, त्याच्या मुळांवर कितीतरी जातीच्या बुरश्या असतात.”

“छान. म्हणजे सगळंच मोकळं.”

“तुम्हाला आवडलेलं दिसत नाही.”

“मला काय करायचंय? त्यांचा संसार.”

त्याने तिच्याकडे एक जागा मागितली. म्हाताऱ्या झाडांखालची मूठमूठ माती घालून थोडी रोपं वाढवून बघायची होती. रोपं धरली, तर ती झाडं का ठेवायची ते साहेबांना डोळ्यांनी दिसेल, असं तो म्हणाला. आणि मग जरा थांबून… “झाडं आहेत तोवर माझं इथलं काम आहे. झाडं पडली, की मी निघालो.”

हे वाक्य त्याने पिशवीकडे बघत म्हटलं. तिच्या मात्र काळजात रुतलं. तुमचा हुकूम तिने पहिल्यांदा मोडला तो तेव्हा, साहेब. मागच्या कुंपणालगतची जमिनीवरची एक रांग तिने त्याला दिली. तिथे मावेनात म्हणून थोड्या पिशव्या लोखंडी टेबलावर ठेवल्या. नोकरी गेली असती तर गेली असती.

जमिनीवरच्या पिशव्यांचं एक काम असतं. त्या अधूनमधून उचलून हलवाव्या लागतात. नाहीतर पिशवीच्या भोकांतून मुळं खाली जमिनीत शिरतात, आणि लागवडीला न्यायला पिशवी उचलली की मुळं तुटून रोप जातं. हे काम ती बायकांवर कधी सोपवायची नाही. आता ते दोघं मिळून करू लागले. तो उचलायचा, ती खालची जमीन हाताने पुसून घ्यायची, तो ठेवायचा. मधूनच पावसाची भुरभुर यायची, दोघंही उठायचे नाहीत. एकदा एकाच पिशवीवर दोघांचे हात पडले…

“तुम्ही घ्या,” ती म्हणाली.

“नको, तुम्हीच.”

पिशवी तशीच राहिली. हातही जरा वेळ तसेच राहिले. पलीकडून मावशी खोकली. मावशीला खोकला कधीच नव्हता.

आणि त्याची रोपं उठली. हिरवीगार, तजेलदार, बाकीच्यांना वाकुल्या दाखवत. ती रोज सकाळी आधी त्या रांगेकडे जायची आणि मग नळाकडे.

मग बाटलीवाली आली.

ती प्रयोगशाळेतली. स्कूटरवरून यायची, पाठीवर पिशवी, पिशवीत इवल्या इवल्या बाटल्या. मुळांचे तुकडे त्यात भरून न्यायची, भिंगाखाली बघायची. केस आखूड, हसणं मोठं. आणि मुळ्या तिला लांबूनच हाक मारायचा, “अगं, इकडे ये, हे बघ!”

अगं. फौजदाराच्या वाट्याला इतके दिवस ‘तुम्ही’ होतं. मानाचं, स्वच्छ धुतलेलं ‘तुम्ही’. आणि हिच्यासाठी ‘अगं’! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय गं,” मावशी माती चाळता चाळता म्हणाली, “तुझ्या नाकातून वाफ येतेय. भट्टी कशाला पेटवायची? माती तुझ्याच डोक्यावर ठेवू, पटकन वाफवून निघेल.”

“मावशी, काम कर.”

“करतेय की. पण ती पोरगी चांगली दिसते हो.”

“मी कुठे बघितलं?”

“तेच म्हणतेय मी. बघू नकोस. सकाळपासून एकाच रोपाला पाणी घालतेस, बुडालं बिचारं.”

ती बघायची. जाळीच्या आडून बघायची, झारीत पाणी भरताना बघायची. दोघांची डोकी एका भिंगावर. दोघांचं एकाच मुळाच्या तुकड्यावर भांडण, आणि मग हसणं. ती मनाशी म्हणायची, अभ्यासाचं काम आहे. मग म्हणायची, अभ्यासाला एवढं हसू येतं? आम्हाला तर शाळेत कधी आलं नाही. रात्री जेवताना मावशीने ताट पुढे सरकवलं तरी तिला तीच बाटल्यांची किणकिण ऐकू यायची.

आणि एक दिवस तिने पाहिलं. त्याच्या गालावर चिखल लागला होता. बाटलीवालीने त्याची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि रुमालाने चिखल पुसला. तो लहान मुलासारखा उभा राहिला. पुसून घेत.

एवढंच. पण तिला तेवढं पुरलं.

ते दोघं झाडांकडे निघून गेल्यावर ती कोठीत गेली. औषधाचा डबा काढला, झारीत कालवलं, ढवळलं, आणि त्याच्या रांगेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतलं. टेबलावरच्या पिशव्यांवरही. बुरशी म्हणून शिल्लक ठेवायची नाही, असंच म्हणाला होतात ना? तुमच्या हुकमाची इतकी मनापासून अंमलबजावणी दुसऱ्या कुणी केली नसेल, साहेब. ती रडत होती आणि ओतत होती.

रोपं थांबली. नवं पान येईना, आलेलं जांभळं पडू लागलं. तो रोज येऊन उकिडवा बसायचा, पानं उलटी करून बघायचा. “असं कसं…” एवढंच म्हणायचा. संशय त्याला आलाच नाही. संशय घ्यायला तिच्यासारखं मन लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” तो एकदा तिला म्हणाला.

ती गप्प राहिली. तोंडात शब्द होते, पण ते बाहेर आले तर तो जाणार होता. आणि न बोलता राहिली तरी झाडं पडून तो जाणार होताच. अशा कात्रीत तिला तुम्ही अडकवलंत का? नाही, इथे तिचंही चुकलं. ते मान्य. पण औषधाचा डबा कोठीत आणून कुणी ठेवला होता?

त्या रांगेकडे तिने जाणं सोडलं. बायकांनाही बजावलं, तिकडे कुणी हात लावायचा नाही. पिशव्या कुणी हलवल्या नाहीत. पाऊस येत-जात राहिला, कुंपणाजवळ गवत वाढलं, आणि कित्येक आठवडे गेले.

मग निरोप आला, की तुम्ही पाहणीला येणार. झाडांचा निकाल तेव्हाच लावणार. मुळ्याने आपलं सामान आवरायला घेतलं.

तुम्ही यायच्या आदल्या सकाळी ती लवकर उठली. मेलेली रोपं कुणाच्या नजरेला पडण्याआधी उचलून फेकायची, एवढंच तिच्या मनात होतं. टेबलावरच्या पिशव्या उचलल्या. हलक्या, वाळलेल्या. मग ती रांगेशी आली, वाकली, पहिली पिशवी धरली आणि ओढली.

पिशवी येईना.

तिने परत ओढली. खाली जमिनीने धरून ठेवल्यासारखी. गवत बाजूला सारलं तर शेंड्यावर नवं पान, हिरवं, ओलं. शेजारच्या रोपावरही. सगळ्या रांगेवर. तिने गुडघे टेकले, बोटांनी खालची माती उकरली. मुळं भोकांतून जमिनीत उतरली होती, आणि त्यांच्या टोकांशी, मातीच्या ढेकळांमधून, पांढरे धागे पसरले होते. कुंपणाच्या खालून. पलीकडून. म्हाताऱ्या झाडांकडून.

“काय झालं?” तो मागे उभा होता. खांद्याला पिशवी, निघायच्या तयारीत.

तिने मातीकडे बोट दाखवलं. तो खाली बसला आणि नाक मातीला टेकेल इतका वाकला. “ही परत उठली? पण मग आधी बसली कशाने…”

आता गप्प राहिली असती तर सुटली असती. तो आनंदात होता, काही विचारलंही नसतं त्याने पुन्हा. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून तिला खोटं गिळवेना.

“मी औषध ओतलं होतं. सगळ्या रांगेवर.”

“तू – तू विष घातलंस?”

तू. ज्या शब्दासाठी ती इतके दिवस तडफडली, तो हा असा, रागाच्या टोकावर बसून आला. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणीही तिच्या मनात कुठेतरी आलंच… मला ‘तू’ म्हणाला.

“का?” तो म्हणाला.

“तुम्ही तिच्याकडून गाल पुसून घेतलात म्हणून.”

तो तिच्याकडे बघत राहिला. उठला आणि कुंपण ओलांडून झाडांत निघून गेला.

थोड्या वेळाने बाटलीवाली आली, तेव्हा ती अजून तिथेच बसली होती. तिने सगळं सांगितलं. बाटलीवालीने स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत ऐकून घेतलं.

“म्हणजे तू माझ्यावर जळत होतीस.”

“हो.”

“आणि मी तुझ्यावर.” बाटलीवाली तिच्याशेजारी मातीतच बसली. “मी विचारलं होतं त्याला. सरळ विचारलं, आमचं दोघांचं जमेल का म्हणून. शिकताना एका बाकावर होतो, मला वाटलं, हक्क आहे. तर म्हणतो, रोपवाटिकेत एक बाई आहे, ती पिशवीखालची जमीन हाताने पुसते ते एकदा बघ. मी बघितलं. मला तर काही विशेष वाटलं नाही.”

दोघीही हसल्या. बाटलीवालीचं हसू जरा आधी थांबलं.

“जा,” ती म्हणाली. “आणि औषधाचं ते परत करू नकोस. माझ्या बाटल्या फुकट जातात.”

तो एका पोकळ बुंध्याला टेकून बसला होता. वरून पानांतलं साठलेलं पाणी टपटपत होतं. ढोलीत काहीतरी खुसखुसलं आणि शांत झालं.

“रागावलात?” तिने विचारलं.

“हो.”

“खूप?”

“ठरवतोय. तू औषध घातलं नसतंस, तर मला कळलंच नसतं की ही झाडं जवळ असली की मेलेली मातीही परत धरते. त्यामुळे धड रागावताही येत नाहीये.”

ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. “तिने विचारलं होतं म्हणे तुम्हाला.”

“तिने सांगितलंय ना सगळं?”

“सांगितलंय. पण ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही. फौजदार आहे मी, जबाब समोर बसवून घेते.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. हसू लपवायला असेल.

“घे लिहून मग,” तो म्हणाला. “रागीट आहेस. संशयी आहेस. माझी परवानगी भिजवलीस, माझी रोपं मारलीस. आणि मला रोज सकाळी पहिल्यांदा तुलाच बघायचं असतं… मुळांच्याही आधी. हे मुळांना कळू देऊ नकोस.”

तिने बोटांतली माती झटकली.

“मी झाड नाही हं,” ती म्हणाली. “मला तुमच्यासारखं माणूस वाटून घेता येणार नाही. आधीच सांगते.”

“मीही बुरशी नाही.”

“आणि तिला ‘अगं’ म्हणायचं बंद.”

“ते जमणार नाही. जुनी सवय आहे.”

“मग मला काय म्हणणार?”

तो तिच्याकडे झुकला आणि काहीतरी म्हणाला. ते इथे सांगणार नाही, साहेब. तेवढं तरी तुमच्या फायलीत जायला नको. मधलं हातभर अंतर मात्र राहिलं नाही, आणि पावसाची सर आली तरी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. तिने काहीही लपवलं नाही. “हुकूम मोडून रोपं वाढवली ती मी,” ती तुम्हाला म्हणाली, “आणि हुकूम पाळून ती मारली तीही मीच.” टेबलावरची वाळलेली रोपं दाखवली, कुंपणालगतची हिरवी रांग दाखवली. तीच माती, तेच औषध. फरक एवढाच, की ही जमिनीला टेकलेली होती आणि पलीकडे म्हातारी झाडं होती. त्याने ते मुळांसकट तुमच्या डोळ्यांपुढे धरलं. बाटलीवालीने भिंग पुढे केलं. तुम्ही भिंगातून बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, “बघू.”

आणि गाडीत जाऊन बसलात.

बघू? तुमच्या या एका शब्दावर त्याचं राहणं-जाणं लटकलंय. झाडं पडली, की पुढच्या वर्षीची रोपं परत जांभळी होणार आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी जंगलात निघून जाणार, महिन्यातून कधीतरी भेटायला येणारा पाहुणा होणार. तिने इतकं जळून, इतकं रडून, खरं बोलून जे कमावलं, ते तुम्ही एका सहीने उपटणार. आणि उपटताना मुळं तुटतात, साहेब. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून ती आत्ता तुमच्या गाडीपुढे उभी आहे. हात चिखलाने भरलेले, शेजारी तो, त्याच्या शेजारी बाटलीवाली. मावशीने जाऊन फाटक लावून घेतलंय आणि फाटकाला पाठ लावून बसलीये. कुणी ओरडत नाहीये. ती फक्त एवढंच विचारतेय, की ती झाडं राहणार की जाणार.

काच खाली घ्या, आणि तिला उत्तर द्या.